रांजणातला हात

फार फार पूर्वी, तुमच्या-माझ्या खापरपणजीच्याही आधी, एका काळ्या डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. गावात प्रभू येशूला मानणारी वीसेक घरे होती आणि एक दगडी प्रार्थनामंदिर होते. त्या घरांतल्या बायका दर गुरुवारी दुपारी मंदिरात जमत. त्याला त्या भगिनी मंडळ म्हणत. आधी गाणे, मग प्रार्थना, आणि शेवटी रांजण.

हा रांजण मंदिराच्या कोपऱ्यात असे. तोंड अरुंद, एक हात कसाबसा आत जाईल एवढेच, आणि त्यावर जाड फडके. प्रत्येक बाईने घरून मूठभर ज्वारी आणायची, मूठ फडक्याखालून आत घालायची आणि आतच उघडायची. कोणी किती टाकले ते कोणी पाहायचे नाही. ज्या घराच्या चुलीचा धूर दिसेनासा होई, त्या घरी रांजणातली ज्वारी जाई. चौकशी नाही की उपकाराची भाषा नाही.

एकदा त्या मुलखात पाऊस पडला नाही. दुसऱ्या वर्षीही नाही, तिसऱ्याही नाही. चिमण्या कधी निघून गेल्या ते कळलेसुद्धा नाही. कावळे मात्र राहिले. ते मंदिराच्या भिंतीवर ओळीने बसत आणि सगळे एकाच बाजूला, गावाकडे, बघत. विहिरीत दगड टाकला तर तो खाली आपटल्याचा आवाज येत नसे. वारा नसतानाही मंदिराची घंटा कधीकधी एकच ठोका देई, आणि बायका हातातले काम थांबवून एकमेकींकडे पाहत.

या गावात राहेल नावाची एक विधवा होती. तिला रूथ नावाची सहा वर्षांची लेक होती, दुसरे कोणी नाही. दुष्काळाच्या पहिल्याच वर्षी नवरा बैल घेऊन चारा शोधायला डोंगरापलीकडे गेला होता. राहेलने चाळीस दिवस गुडघे टेकून प्रार्थना केली. एकेचाळिसाव्या दिवशी बैल परत आले, नवरा आला नाही. तेव्हापासून ती गाण्यात नुसते ओठ हलवी, आवाज काढत नसे. ज्याने नवरा राखला नाही तो लेक काय राखणार, असे तिच्या मनाने घेतले. तिला दोष देऊ नका. तुमच्या-माझ्या मनानेही हेच घेतले असते.

तिने चुलीमागे खड्डा करून एक मडके पुरले आणि त्यात ज्वारी लपवायला सुरुवात केली. मंडळाला जाणे मात्र चुकवले नाही, कारण न गेली तर बायका विचारपूस करायला घरी येणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा तिने हिशेब केला. एका गुरुवारी ती रिकामी मूठ घट्ट मिटून गेली. फडक्याखाली हात घातला, आणि मूठ उघडल्याचे नाटक करणार तोच आत कोणीतरी तिचा हात धरला.

माणसाचाच हात होता तो. ऊबदार, सुताराच्या हातासारखा खरबरीत, आणि तळव्याच्या मधोमध जुन्या जखमेचा खोल वण. त्याने तिला ओढले नाही. थोडा वेळ नुसता धरून राहिला. मग तिचे एकेक बोट हळूच सोडवले, तळहातावर मूठभर दाणे ठेवले आणि बोटे परत मिटली.

राहेलच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने हात बाहेर काढला तर मुठीत खरेच ज्वारी होती. रांजणामागे मंडळातली सगळ्यात म्हातारी बाई, दुर्कसबाई, बसलेली असे. ती राहेलकडे टक लावून पाहत होती.

पुढच्या गुरुवारी पुन्हा रिकामी मूठ, पुन्हा तो हात, पुन्हा दाणे. राहेलला घाम फुटे. पण भुकेची भीती त्या भीतीहून मोठी होती. रांजणातले दाणेही तिने चुलीमागच्या मडक्यात टाकले आणि मडके भरत आले.

मग घरात वर ठेवलेले पीठ संपले. राहेलने मडके उघडले, ज्वारी जात्यात घातली आणि दळायला बसली. जाते फिरले, घरघर झाली, पण खाली पडले ते अख्खे दाणे. पुन्हा घातले, पुन्हा अख्खेच. एकालाही चीर गेली नव्हती. शिजत घातले तर पाणी आटून गेले आणि दाणे खड्यांसारखे टणक राहिले.

तीन दिवस ती एकटी जाते ओढत होती. शेजारणीकडे पीठ मागायला तोंड नव्हते. उलट कोणी घरी येऊ नये म्हणून तिने रिकाम्या चुलीत गोवऱ्या पेटवून धूर काढला, आणि तो धूर पाहून बायका निश्चिंत राहिल्या. रूथ आधी रडली, मग रडायची थांबली. आता तिचे फक्त डोळे आईच्या मागे फिरत. मडके काठोकाठ भरलेले होते आणि लेक डोळ्यांदेखत हातची जात होती.

गुरुवार आला. रूथला उठवत नव्हते. तिला गोधडीवर निजवून राहेल मंदिरात गेली. आज मिळतील ते दाणे तरी दळले जातील, एवढीच तिला आशा होती. तिने फडक्याखाली हात घातला. आत कोणी नव्हते. हात कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. तळाशी काहीतरी लागले.

तो हातच होता, पण नेहमीचा नव्हे. हा लहान होता, तापाने कढत, हाडांवर नुसती कातडी. तळवा वर करून तो मागत होता. त्याच्या अंगठ्यावर विळीने कापल्याची खूण होती. त्या जखमेत राहेलने स्वतः हळद भरली होती. तो रूथचा हात होता.

राहेलने हात बाहेर ओढला आणि ती बायकांकडे वळली. किती दिवसांनी तिच्या तोंडून त्या मंदिरात आवाज फुटला.

"मी रिकामी मूठ घालत आले, बायांनो," ती म्हणाली. "माझ्या घरात धूर आहे, भाकर नाही. माझी पोर चालली."

कोणी तिला बोल लावला नाही. बायका पदर खोचून धावल्या. रूथ गोधडीवर पडली होती, एक हात दाराकडे पसरलेला, तळवा वर. एकीने घरून पीठ आणले, दुसरीने पातळ पेज केली, तिसरीने मांडीवर घेऊन भरवली. दिवस कलता कलता पोरीने डोळे उघडले आणि आणखी मागितली. राहेल तिला छातीशी धरून पोटभर रडली.

मग तिने चुलीमागचे मडके उकरून दाखवले आणि ही ज्वारी दळत नाही म्हणून सांगितले. दुर्कसबाई जात्यापाशी बसली. तिने राहेलला समोर बसवले.

"जातं दोघींचं असतं, पोरी. तू एकटीच ओढत बसलीस."

दोघींनी एकाच खुंट्याला हात घातला. जाते फिरले, आणि चहूबाजूंनी पांढरेशुभ्र पीठ पडू लागले.

दळता दळता राहेलने रांजणातल्या हाताचे सांगितले. म्हातारीला नवल वाटले नाही. तिचा नवरा आणि दोन लेकरे एकाच आठवड्यात पटकीने गेली, त्या वर्षी तिचीही मूठ रिकामीच होती.

"ते फडकं दान झाकायला नाही, लाज झाकायला आहे," ती म्हणाली. "तो हात ज्याचा आहे, त्याला आपली मूठ उघडायच्या आधीच ठाऊक असते. तरी त्यानं तुझा हात झिडकारला का?"

राहेलने नाही म्हणून मान हलवली. पुढच्या गुरुवारी ती मडके डोक्यावर घेऊन गेली आणि तिने ते रांजणात रिते केले. पाऊस केव्हा आला ते मला ठाऊक नाही, पण तो येईपर्यंत त्या वीस घरांतली एकही चूल थंड पडली नाही.

वर्षे गेली. दुर्कसबाईच्या जागी राहेल बसू लागली. एका गुरुवारी गावातल्या एका नव्या सुनेने फडक्याखाली हात घातला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. राहेलने तिला काही विचारले नाही. चटईवर जरा सरकून जागा करून दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरी दळू लागायला गेली.

लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढे ध्यानात ठेवा: देव आपला हात सोडत नाही, पण त्याचा हात शेजारणीच्या हातातून येतो, म्हणून मूठ उघडी ठेवावी.