मागं वर

या, या. पण पुढं कुठं पळताय? त्या खालच्या शिळेजवळ सतरंजी टाकायची एवढी घाई करू नका. दरवर्षी बाहेरगावची माणसं गाडीतून उतरली की पहिल्या रांगेकडं धाव घेतात, आणि दरवर्षी मी त्यांना इथंच अडवते. गाणं सुरू व्हायला ऊन कलायचं आहे अजून. तोवर या जांभळीखाली टेका, पाणी प्या. मला इथं सगळे शेवंताक्का म्हणतात. काही विचारायचं असलं तर माझ्याकडं तोंड करून विचारा, पाठीमागून कुजबुजू नका.

डोंगरानं पोटात घेतलेला हा खळगा दिसतोय ना, त्याला आमच्या आडदरा गावात कानाईची परात म्हणतात. तळाला ती सपाट काळी शिळा आहे, तिच्यावर गाणारा बसतो. शिळेपासून नजर वर आणा. दगडाच्या पायऱ्या थेट आपल्या पायांपर्यंत आल्यात, आणि त्या कुणा गवंड्यानं बांधलेल्या नाहीत. इथं माइक लावत नाहीत. गाणारा खाली नुसता खाकरला तरी या जांभळीखाली ऐकू येतो, म्हणून कलाकारांना आधीच बजावून ठेवावं लागतं, की बाबांनो, शिळेवर बसून जेवणाला नावं ठेवू नका. एकदा एका तबलजीनं आमटीबद्दल काहीतरी म्हटलं होतं, आणि आमटी करणारी बाई नेमकी इथंच बसली होती. संध्याकाळी त्याला आमटी वाढताना तिनं जो हात आखडला, तो सगळ्या गावानं पाहिला.

पण पूर्वी असं नव्हतं. पूर्वी ही परात ठार बहिरी होती म्हणे.

तेव्हा देवीचं नाव टेकाई होतं. जत्रेला पंचक्रोशी लोटायची आणि बसायचं ते मानाप्रमाणं. पुढं पाटील आणि मानकरी, त्यांच्यामागं त्यांचे पाहुणे, आणि सगळ्यात वर, काट्याकुट्यात, मेंढरंवाले, मजूर आणि लेकुरवाळ्या बाया. पोर रडलं तर मानकऱ्यांना त्रास व्हायला नको, म्हणून बायांना वर हाकललेलं. शिळेवरचा आवाज दोन-चार रांगा चढला की तिथंच मरायचा. वरच्यांना काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. तरी ते यायचे. चुरमुरे खात बसायचे आणि खाली गाणाऱ्याचं तोंड उघडतंय आणि मिटतंय, एवढं बघून घरी जायचे. असे आमचे रसिक.

शिळेचा मान येसबा गुरवाकडं होता. येसबा म्हणजे गाण्यातला राजा माणूस असं सांगतात. हातात तुणतुणं, अंगावर साधी बंडी, आणि गळा असा की पुढचे मानकरी पान तोंडात धरून बसायचे, चावायचं विसरायचे. पण टेकाईचं गाणं वर्षातून एकदाच, जत्रेच्या दिवशी, त्याच शिळेवर गायचं अशी त्याच्या घराण्याची शपथ होती. घरात ते गुणगुणायचंसुद्धा नाही.

आता गंमत बघा. येसबाची बायको हौसा. लग्न होऊन डोक्याचे केस पांढरे झाले तिचे, पण नवऱ्याचं ते गाणं तिनं कधी ऐकलेलं नव्हतं. घरी तो गायचा नाही, आणि जत्रेत तिची जागा इथं वर. शेजारच्या बाया कोपरानं ढोसायच्या, “हौसे, काय म्हणतोय गं तुझा मालक?” मला ऐकू येत नाही म्हणायची तिला लाज वाटायची. मग ती सरळ रचून सांगायची. आता देवी नथ घालतेय, आता देवी बैलगाडीत बसली, आता सासूवर रुसली. बाया खूश. आपण खोटं सांगतोय हे हौसाला ठाऊक होतं. नवऱ्याचं गाणं एकदा तरी कानानं ऐकावं, एवढी एकच तिची हौस होती, आणि ती बिचारी तेवढी एकच गोष्ट कुणाजवळ बोलली नाही.

पुढं येसबाचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. समोरचा माणूस घोंगडीआडून बोलतोय असं वाटायला लागलं, मग तेही कमी झालं. तुणतुण्याची कड जबड्याला लावून तो हाडातून सूर ओळखायचा आणि कसंबसं निभावून न्यायचा. पण मानकऱ्यांच्या ध्यानात आलं. बहिरा माणूस देवीपुढं बेसूर झाला तर कोप होईल, तेव्हा येसबा, हे वर्ष तुझं शेवटचं, पुढच्या जत्रेला शिळा दुसऱ्याला देऊ, असं पाटलानं त्याला हातवारे करून सांगितलं. येसबा घरी येऊन जेवला नाही. हौसानं भाकरी पुढं केली तर ताट सरकवलं. गाण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही यावं असं त्याला कधी वाटलंही नव्हतं.

मग तो देवीला नवस बोलला. जत्रेच्या दिवशी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पाण्याचा थेंब न घेता गाईन, आई, मला माझे कान परत दे. नवस तो देवळात मोठ्यानं बोलला. बहिऱ्या माणसाला आपण किती मोठ्यानं बोलतो हे कळत नाही, त्यामुळं तो सगळ्या गावाला कळला.

जत्रेचा दिवस उजाडला आणि येसबा शिळेवर बसला. सकाळ गेली, दुपार तापली, गळ्यातून आवाजाबरोबर रक्त येईल की काय असं पुढच्यांना वाटायला लागलं. पाटलानंच एकदा पाण्याचा तांब्या पुढं केला म्हणे, येसबानं मान हलवली. इथं वर हौसाला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. नवऱ्याचं तोंड उघडतंय, मिटतंय, आणि मान खाली खाली चाललीय, एवढंच दिसत होतं. त्या दिवशी बायांनी विचारलं तरी तिनं नथीचं काही सांगितलं नाही.

सूर्य त्या समोरच्या खिंडीत टेकला आणि येसबाचा आवाज बसला. तेवढ्यात देवळातली घंटा आपोआप वाजली आणि डोंगराच्या पोटातून टेकाई बोलली. पार वरच्या मेंढरंवाल्यालाही ते ऐकू आलं. देवी म्हणाली, “माग वर.”

हे दोन शब्द नीट ध्यानात ठेवा. माग वर, म्हणजे काय पाहिजे ते माग, वर देते. साऱ्या जत्रेला हे लख्ख कळलं. पण येसबाच्या कानाचं काय झालं होतं ते तुम्हाला सांगितलंच. त्याच्या कानात शिरलं ते असं, की “मागं, वर.”

त्यानं मान उचलली आणि मागं वर बघितलं. पाटलांचं पागोटं ओलांडून, पाहुण्यांची डोकी ओलांडून, अगदी शेवटपर्यंत. इतकी वर्षं गाताना त्याची नजर मानकऱ्यांच्या पलीकडं कधी गेली नव्हती. आज गेली, तर तिथं काट्यात बसलेली, हनुवटीखाली हात धरून त्याच्या तोंडाकडं टक लावून बघणारी हौसा दिसली.

इकडं पुढं एकच गडबड. पाटील उठला आणि दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरून ओरडायला लागला, “कान माग, येसबा, कान माग.” त्याचं बघून मानकऱ्यांनीही कान धरले. पाहुण्यांनीही धरले. येसबानं खाली बघितलं तर पहिल्या चार रांगा कान पकडून उभ्या. त्याला वाटलं, देवीनं मागं वर बघा म्हटल्यावर या लोकांना आपली चूक कळली आणि ते माफी मागतायत. त्याला फार बरं वाटलं म्हणे.

तो हात जोडून म्हणाला, “खरं आहे, आई. मागं वर कुणाला काही ऐकू येत नाही. माझी बायको तिथंच बसते. तिनं माझं गाणं अजून ऐकलेलं नाही, आणि माझ्या हे कधी मनातसुद्धा आलं नाही. त्यांना ऐकू येऊ दे.”

पाटील मटकन खाली बसला. आणि देवी हसली. काही लोक म्हणतात देवी हसत नसते, ती घंटाच पुन्हा वाजली. पण आमच्या घरात, देवी हसली, असंच सांगत आलेत, आणि मी तेच सांगणार. मग डोंगरानं कूस बदलली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. उतारावरचे धोंडे सरकले, पायरीपायरीनं बसले, आणि ज्याच्या बुडाखाली काटे होते त्याच्या बुडाखाली गुळगुळीत दगड आला.

नवसातली शेवटची काही कडवी राहिली होती. येसबानं ती बसलेल्या गळ्यानं, जवळजवळ कुजबुजत म्हटली, आणि ती कुजबुज पायऱ्या चढत इथं जांभळीपर्यंत आली. हौसानं नवऱ्याचं गाणं ऐकलं. शेजारीण म्हणाली, “अगं, यात नथ कुठं आहे?” हौसा म्हणाली, “गप बस, ऐकू दे.” आणि ती रडायला लागली. एवढ्या वर्षांचं राहिलं होतं, रडू येणारच.

गाणं संपलं. साऱ्या परातीनं टाळ्यांचा कडकडाट केला. पण येसबाला टाळी कुठली ऐकू येणार? त्यानं डोळे मिटूनच वाट बघितली, मग तुणतुणं बाजूला ठेवलं आणि मान खाली घातली. डोंगर हलला खरा, पण बायकोपर्यंत काही पोचलं नाही, असंच त्याला वाटलं. हौसानं वरून हाक मारली. पुन्हा मारली. मग तिच्या ध्यानात आलं आणि तिनं शेजारणीच्या पोराचं दुपटं ओढून घेतलं, दगडावर चढली आणि ते डोक्यावर धरून हलवायला लागली. तिचं बघून मेंढरंवाल्यांनी घोंगड्या हलवल्या, बायांनी पदर हलवले, आणि ते लोण खाली खाली जात मानकऱ्यांपर्यंत गेलं. शेवटी पाटलानं पागोटं सोडलं आणि त्याचं टोक धरून हलवलं. येसबानं मान वर केली. सगळा डोंगर कापडानं हलत होता.

“पोचलं म्हणायचं,” असं तो आपल्याशीच पुटपुटला. पण आता परातीला कान आले होते, त्यामुळं ते सगळ्यांनी ऐकलं.

घरी गेल्यावर हौसानं खाणाखुणा करून त्याला समजावलं, की अहो, देवी वर माग म्हणत होती, तुमचे कान मिळाले असते. समजल्यावर येसबा इतका हसला, की शेजारी काय झालं म्हणून बघायला आले. म्हणाला, “मला कान असते तर मी कानच मागितले असते की.”

शिळा पुढं कुणी काढून घेतली नाही. पाटलानं तो विषय काढला, तर वरच्या रांगा अशा काही बोलल्या, की त्याला पहिल्यांदाच त्यांचा आवाज ऐकू आला. येसबा म्हातारा होईपर्यंत गायला. सूर उतरला की हौसा इथून पदर वर करायची, चढला की खाली घ्यायची, आणि तो बरोबर जागेवर यायचा. देवीचं नावही तेव्हापासून बदललं, टेकाईची कानाई झाली.

आजही गाणारा कितीही मोठा असो, शिळेवर बसला की आधी वर बघून विचारतो, “मागं वर?” आणि इथून कापड हललं की मगच तोंड उघडतो. आजही गाणाऱ्याच्या घरचं माणूस या जांभळीखाली बसतं. ती हिरव्या लुगड्यातली बाई बघा, आज गाणार आहे त्याची आई आहे. आणि आजही इथं टाळी वाजवत नाहीत. तेव्हा रुमाल, ओढणी, टॉवेल, जे असेल ते हाताशी काढून ठेवा.

आता कुणी मघाशी काही विचारलं असेल आणि मी उत्तर दिलं नसेल, तर रागावू नका. दोन्ही कान गेलेत माझे, बरीच वर्षं झाली. तुमचे ओठ दिसले तर कळतं, नाही तर नाही. मग आक्का, गाण्याला कशाला येता, असं पोरं विचारतात. अरे, गाणं संपल्यावर सगळी परात हलते ना, तेव्हा मला कळतं कसं झालं ते. चांगलं झालं तर कापड वेगळं हलतं. मी तेवढ्यासाठीच येते, आणि कधी चुकवत नाही.

चला, ऊन कललं. तो बघा, बसला शिळेवर. वर बघतोय. काढा रुमाल.