आगीची तालीम

राजे उदाजीरावांनी हट्टच धरला, की आंबेखिंड संस्थानच्या हायस्कुलातली तीनशे पोरं तीन मिनिटांत बाहेर पडलीच पाहिजेत! दूरच्या कुठल्याशा शाळेला आग लागल्याचं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं, आणि राजेसाहेबांनी काही वाचलं की गावाला घाम फुटायचा.

लागलीच तयारी झाली. वाळूच्या लाल बादल्या आल्या आणि कुणी पळवू नये म्हणून कपाटात कुलूपबंद झाल्या. किल्ली हेडमास्तर भाटवडेकरांच्या कमरेला. मग निघाली आगीची तालीम. घंटा झाली की आग लागली असं समजायचं आणि मैदान गाठायचं.

शाळेला दार एकच, आणि त्या दारात राजेसाहेब खुर्ची टाकून बसले, हातात नवं कोरं घड्याळ. घंटा झाली. पहिला पोरगा धावत आला, थबकला आणि त्यानं कमरेत वाकून तीनदा मुजरा घातला. मग अंग चोरून खुर्चीच्या कडेनं, राजेसाहेबांना पाठ दिसू नये म्हणून उलटा चालत, बाहेर पडला. मग दुसरा. मग तिसरा. शाळा रिकामी व्हायला पाऊण तास लागला.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी बजावलं, घाई करा. पोरांनी घाईघाईनं मुजरे घातले, डोक्यावर डोकी आपटली आणि दोघांच्या कपाळाला टेंगळं आली. वेळ लागला तासभर. तिसऱ्या दिवशी तर तालीम चालू असतानाच मधली सुट्टी झाली, आणि बाहेर पडलेली पोरं डबे खायला परत आत आली.

घोडं कुठं अडलंय ते साऱ्या गावाला दिसत होतं. पण सांगणार कोण? हेडमास्तरांनी धीर करून दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा जांभई आल्याचं सोंग केलं.

चौथ्या दिवशी राजेसाहेब भडकले. "आज शेवटची तालीम! मुजरा चुकवायचा नाही, पाठ दाखवायची नाही आणि मला कुणी ऊठ म्हणायचं नाही. तीन मिनिटांच्या वर एक क्षण गेला, तर शाळा बंद. उद्यापासून इथं पागा. घोडी तरी धड बाहेर पडतात."

शाळेत पाणी भरणाऱ्या चंद्राक्कानं हे ऐकलं. तिची लेक हौसा याच शाळेत शिकत होती, मॅट्रिकला एकच वर्ष उरलं होतं. शाळा बंद झाली की हौसाच्या हातातलं पुस्तक जाणार आणि डोक्यावर घागर येणार, हे तिला लख्ख दिसलं. नाही, ते काही तिला सोसायचं नव्हतं. तिनं हंडा खाली ठेवला, पदर खोचला आणि थेट खुर्चीपुढं जाऊन उभी राहिली.

"आग विझवायला आलीस की काय?" राजेसाहेबांनी विचारलं.

"न्हाई जी. एक शंका हाय. तालीम खऱ्या आगीवाणीच करायची न्हवं?"

"हुबेहूब! लटकं मला खपायचं नाही."

"मग खरी आग लागली आन् सरकार हितंच असलं, तर आदी भाईर कोन पडनार?"

हेडमास्तरांनी डोळे गच्च मिटून घेतले. राजेसाहेबांनी मिशीला पीळ दिला. "हे काय विचारणं झालं? मी. संस्थानचा धनी आहे मी."

"मग रोज घंटा झाली तरी सरकार आतच कसं काय?"

राजेसाहेबांनी खाली पाहिलं. खुर्चीचे चारही पाय उंबऱ्याच्या आत होते. त्यांचा आवाज चढला. "म्हणजे तू मला ऊठ म्हणतेस?"

"माजी काय बिशाद, जी? आग म्हनतीय."

राजेसाहेब क्षणभर घुटमळले. पण हुबेहूब हा शब्द त्यांचाच. चंद्राक्कानं घंटेवर टोला हाणला आणि राजेसाहेब उठून तरातरा मैदानाकडं निघाले. तिनं चपळाईनं खुर्ची बाजूला ओढली. आता स्वारी निघाल्यावर मागं कुणी बसून राहायचं नाही, हा तर दरबारचा रिवाज! दसऱ्याच्या मिरवणुकीत पोरांनी तो शंभरदा पाळला होता. वर्गामागून वर्ग, दोघा-दोघांच्या रांगेनं, सगळे राजेसाहेबांच्या मागोमाग निघाले. मुजरा घालायचा तर समोर नुसती त्यांची पाठ, आणि पाठीला कुणी मुजरा घालत नाही.

चिंचेखाली पोचून राजेसाहेब वळले. समोर तीनशेच्या तीनशे पोरं उभी. साऱ्यांनी एकदम वाकून तीन मुजरे घातले. घड्याळात अडीच मिनिटं झाली होती. हेडमास्तरसुद्धा आले होते, फक्त त्यांची पगडी आत राहिली होती.

राजेसाहेबांचा चेहरा खुलला आणि मागोमाग आलेल्या चंद्राक्काकडं बघून लगेच आक्रसला. "थांब. म्हणजे इतके दिवस दार मी अडवलं होतं? खरं सांग."

झालं! होय म्हणावं तर राजाचा अपमान, नाही म्हणावं तर तोंडावर खोटं. रांगेत हौसा उभी होती, दप्तर छातीशी धरून. चंद्राक्कानं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि हात जोडले.

"सरकार, आग लागलेल्या घरात आपल्या राजाला टाकून कंची परजा पळंल? पोरं इमानी हायेत. सरकार भाईर पडायची वाट बगत थांबली व्हती, जी."

राजेसाहेबांना जे हसू फुटलं, ते एवढं मोठं की चिंचेवरचे सगळे पोपट भुर्रकन उडाले. पोरं हसली, मास्तर हसले, आणि राजेसाहेब डोळे पुसत म्हणाले, "माग, काय हवं ते माग."

"मागल्या भिंतीला आनी एक दार पाडून द्या, सरकार. आन् त्या बादल्या तेवढ्या कपाटातनं भाईर काडा."

"दिलं दार! बादल्या आत्ता काढा. मघाशी जिच्याकडं पाहिलंस ती पोर तुझीच ना? तिचं पुढचं सारं शिक्षण दरबाराकडून. आणि आजपासून आगीच्या तालमीचा कारभार तुझ्याकडं. तुझी घंटा झाली की मीसुद्धा राजवाड्यातून पळत येऊन मैदानात उभा राहीन."

चंद्राक्कानं खोचलेला पदर सोडून सारखा केला. "मग उंद्या सकाळी येताय न्हवं, सरकार?"