राहून गेलेला ओ

फार मागची गोष्ट आहे. किती मागची ते विचारू नका, आजवर कुणी मोजलेलं नाही.

एका डोंगराच्या उतारावर सात-आठ घरं होती, एकमेकांपासून लांब लांब. मध्ये दरी, आणि दरीत कायमचं धुकं. शेजाऱ्याचं तोंड दिसायचं नाही, नुसता आवाज यायचा. या सगळ्यांना एकच नाद होता, भोपळे पिकवायचा. खायचे नव्हेत. कडू भोपळे. वेलावरच जून करायचे, वाळवायचे, आणि कुणाचा किती देखणा निघाला ते एकमेकांना सांगत बसायचं. असल्या उद्योगानं पोट भरत नाही, पण जीव रमतो.

संध्याकाळी जो तो आपापल्या बांधावर यायचा आणि धुक्यात हाक घालायचा. तिथली एक रीत होती. हाक ऐकली की आधी ओ द्यायचा, मग काय ते बोलायचं. माणूस दिसत नाही, तेव्हा निदान कुणीतरी ऐकतंय एवढं तरी हाक घालणाऱ्याला कळावं.

शिदबा नावाचा म्हातारा या सगळ्यांत जाणता. त्याच्याकडे बगळ्यासारख्या लांब मानेच्या भोपळ्याचा वाण होता. तो दुसऱ्या कुणाकडे नव्हता, कारण शिदबानं कुणाला बी दिलीच नव्हती. "वाया घालवतील," म्हणायचा. त्या साली बियांचं गाठोडं उंदरांनी खाल्लं. एकच बी वाचली. तिचा वेल झाला, वेलाला एकच भोपळा धरला. तो जून झाला तर पुढं बी मिळणार, नाहीतर वाण बुडाला.

त्याच सुमाराला खालच्या अंगाला सकवार नावाची बाई राहायला आली. तिलाही भोपळ्यांचा नाद लागला. एका संध्याकाळी तिनं हाक घातली, "अहो मंडळी, माझ्या वेलाला फुलं येतात नि गळून पडतात. काय चुकतंय माझं?"

शिदबानं ओ दिला नाही. "डोळे फुटलेत का तुझे? ती नर फुलं, ती गळणारच. इथं सांगून सांगून तोंड दुखलं माझं. आधी ऐकायला शीक, मग तोंड उघड."

मग वरच्या बांधावरची भागाआजी म्हणाली, "शिदबा, बोललास ते खरं. पण ओ राहिला की रे."

"ओ देऊन फुलं टिकतात का?"

"फुलं नाही टिकत. विचारणारी टिकते."

शिदबा हसला. आपण खोटं तर काही बोललो नाही, असं त्याला वाटलं. आणि खोटं नव्हतंच ते. दुसऱ्या दिवसापासून सकवारची हाक आली नाही. मग आणखी दोघांनी हाका घालणं सोडलं. शिदबाला बरंच वाटलं. खुळे प्रश्न बंद झाले.

त्याचा भोपळा कड्याबाहेर लोंबत होता. वरून फक्त मान दिसायची. मान अशी सुरेख आली होती, की शिदबा तिच्याकडे बघत जेवायचा. बूड दिसायचं ते खालच्या झऱ्यावरून, पण तिथवर उतरायला त्याचे गुडघे तयार नव्हते.

एका सकाळी भोपळा तुटून खाली पडला. शिदबा कसाबसा उतरला. बूड सडलेलं होतं. आत बिया होत्या, पांढऱ्या, पाणचट, एकही भरलेली नाही.

संध्याकाळी तो बांधावर आला. "माझा भोपळा गेला. बुडाला काहीतरी लागत असणार. कुणी पाहिलं होतं का रे?"

कुणी ओ दिला नाही. शिदबा उभा राहिला. हाकेनंतरची शांतता किती लांब असते, ते त्याला तेव्हा कळलं.

मग खालून आवाज आला. "ओ."

सकवार होती. "पाहिलं होतं, काका. झऱ्यावर पाण्याला जाते तेव्हा दिसायचं. वारा आला की कड्यावर आपटायचा. साल निघाली होती."

"मग बोलायचं नाही होय?"

"तुम्हीच म्हणालात, आधी ऐकायला शीक, मग तोंड उघड. शिकत होते."

टोमणा नव्हता तो. तिला तसंच वाटलं होतं.

"मीही पाहिलं होतं," दुसऱ्या बांधावरून कुणीतरी म्हणालं.

"एक फडकं मध्ये घातलं असतं तरी भागलं असतं," शिदबा पुटपुटला.

"मीच आणून दिलं असतं," सकवार म्हणाली.

त्यानंतर शिदबा प्रत्येक हाकेला आधी ओ द्यायला लागला. स्वभाव काही गेला नाही. खुळ्याला खुळाच म्हणायचा, पण ओ दिल्यावर, आणि जरा हळू. हळूहळू हाका पुन्हा सुरू झाल्या. लांब मानेचा भोपळा मात्र त्या डोंगरावर पुन्हा कुणी पाहिला नाही.

पोरांनो, आणि पोरांच्या आजोबांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्याशीही नीट बोलावं, कारण ज्याला आपण गप्प बसवतो, त्याच्याकडेच कधी आपल्या कामाची गोष्ट असते.