यसबाची सावकाश फेरी

फार वर्षांपूर्वी, आपल्या बोरखिंडीचा रस्ता अजून मुरमाचा होता तेव्हा, इथं यसबा मगर नावाचा पोरगा सायकल चालवायचा. चालवायचा कसला, उडवायचा! तो खिंड चढून वर पोचायचा आणि त्याची सावली मागून धापा टाकत यायची, असं म्हणतात. हसू नका, माझ्या आज्यानं डोळ्यांनी बघितलीय.

सतराव्या वर्षी शहरातल्या शर्यतवाल्यांनी त्याला आपल्या संघात घेतलं. गावानं गुलाल उधळला, तो पहिली शर्यत व्हायच्या आधीच, बरं का! आपल्या गावाला दम कुठला?

तिथं उस्ताद त्याला रोज सकाळी वजनकाट्यावर उभा करायचा. पावशेर वाढला की त्या दिवशी भाकरी बंद. जिंकला तरी उद्या शर्यत, हरला तरी उद्या शर्यत. बिचारा झोपेतसुद्धा पाय मारायचा, असं म्हणतात. दोन वर्षांत बत्तीस शर्यती जिंकला आणि हसायचंच विसरून गेला.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आपल्यात नांगर, कोयता, वस्तरा, सगळ्यांची पूजा होते आणि कुणी हत्यार चालवत नाही. यसबानं सायकल धुतली, हार घातला. उस्ताद आला. म्हणाला, "काढ तो हार. साठ मैल मारायचेत."

यसबा म्हणाला, "उस्ताद, लोखंडाला वर्षातनं एक दिवस विसावा असतो. मला कधी?"

यसबा सायकल हातात धरून निघाला, ते तीन दिवस चालत गावी आला. तिच्यावर बसला म्हणून नाही.

गावानं तोंड फिरवलं. "पळपुटा" म्हणाले मेले, ज्यांना ओढ्यापर्यंत जाताना धाप लागायची तेच! यसबानं सायकल गोठ्यात टांगली. जी त्याचा जीव होती, ती त्याला बघवेना. वर्ष सरलं, पोरगं हसेना. आईनं देव पाण्यात घातले.

त्याची एक चंद्राआत्या होती. पन्नाशीची, अंगानं दणदणीत. एका सकाळी कासोटा आवळून म्हणाली, "यसबा, मला सायकल शिकव."

"आत्या, ह्या वयात?"

"मग काय सरणावर शिकू?"

बसली, दहा हात गेली, आणि थेट उकिरड्यात! यसबा हसला. असा हसला की खिंडीनं ते हसू तीन दिवस घुमवलं, असं म्हणतात. आत्या उकिरड्यात बसूनच आनंदानं रडायला लागली.

पुढं यसबा म्हातारा होईपर्यंत रोज खिंड चढला, अर्ध्या गावाला सायकल शिकवली. शर्यत मात्र एकही लावली नाही.

म्हणून आजही दसऱ्याला यसबाची फेरी निघते. सगळ्यात सावकाश चालवणारा पुढं, आणि त्याला कुणी ओलांडायचं नाही. बाहेरून काही अर्ध्यावर सोडून आलेलं लेकरू असलं, तर पुढचा मान त्याचा. गेल्या दसऱ्याला कुस्ती सोडून आलेली तांबोळ्यांची रेश्मा पुढं होती. निम्म्या खिंडीत पोरगी उतरली आणि रस्त्यातच बसून हमसून हमसून रडली. मागं दोनशे सायकली एकेक पाय टेकून थांबल्या. ऊन चढलं. कुणी घंटी वाजवली नाही.