सुगंधाबाईंच्या मृत्यूचं कारण

इस्पितळाच्या नोंदी जुन्या संगणकातून नव्यात नेल्या. जिवंत रुग्णांचा मृत्यूच्या तारखेचा रकाना अर्थातच कोरा होता. नव्या संगणकाला कोरं चालेना, म्हणून त्याने त्या दिवसाची तारीख भरून टाकली.

सुगंधाबाई टेंबे मोतीबिंदू काढायला आल्या, तर संगणकप्रमुख गोडांबे म्हणाले, "आजी, नोंदीत तुम्ही मयत आहात. मयताचं ऑपरेशन होत नाही. यंत्रणा चुकत नसते."

ऑपरेशनच्या तारखेसाठी तीन महिने थांबलेल्या बाईंचं डोकं सणकलं. "इथंच मेले ना रे मी? मग मृत्यूचा दाखला दे. कारण लिही आणि सही ठोक!"

गोडांबेंचं पेन अडलं.

"सुचत नाही? लिही, रकाना कोरा होता म्हणून गोडांबेसाहेबांनी मारली!"

गोडांबेंनी चिठ्ठी लिहिली, 'रुग्ण जिवंत आहे. आत घ्या.'