दुसरी तार

“मास्तर, दुसरी तार मरते कुठे?”

रोझलीननं गिटार इनास मास्तरांच्या पुढ्यात ठेवली. ‘कसे आहात’ एवढंही विचारायला ती थांबली नाही.

मास्तर ओटीवर पपई कापत बसले होते. वसईतल्या त्यांच्या चर्चच्या गायनवृंदात त्यांनी दोन पिढ्यांना सूर लावायला शिकवलं होतं. तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये त्यांनी इलेक्ट्रिक गिटार वाजवली, आणि गावातल्या गिटारी अजूनही तेच उघडून दुरुस्त करत. रोझलीन रुमाव ही त्यांची सर्वांत नावाजलेली शिष्या. स्वतःचा बँड काढल्यापासून ती काही विचारायला आली नव्हती.

“वाजव.”

तिनं गिटार स्पीकरला जोडली आणि सहाही तारा एकेक करून छेडल्या. तिसरी ओरडली. दुसरी तिच्यामागे कुठेतरी पुटपुटली.

“रविवारी सणाचा कार्यक्रम आहे, मास्तर. तारा बदलून पाहिल्या. मग पिकअप बदलला, बाजारातला सर्वांत जोरकस घेतला. दुसरीचा आवाज वाढला, पण तिसरीचा त्याहून वाढला.”

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली चुंबकांची पट्टी. तारेचा कंप तीच टिपते आणि स्पीकरकडे धाडते.

“जोवी काय म्हणते?” मास्तरांनी विचारलं. जोविटा तिची धाकटी बहीण. बँडमध्ये रोझलीनच्या मागे दुसरा आवाज तिचा असे.

“ती येत नाही आता.”

“का?”

“तिचा आवाज पोचतच नाही. किती वेळा सांगितलं, जोर लाव. माईक बदलून दिला. परवा सगळ्यांसमोर म्हटलं, जमत नसेल तर घरी बस...”

“मग?”

“बसली.”

मास्तरांनी सुरी बाजूला ठेवली. हात धुऊन आले. गिटार उजेडाकडे कलती केली.

“चुंबकांवरून बोट फिरव.”

तिनं तारांखाली बोट घालून फिरवलं. सहा तारांखाली सहा इवलेसे चुंबक. तिसरीखालचा बोटाला अडला. दुसरीखालचा सगळ्यांत खाली गेलेला.

“हे असं का?”

“पूर्वी तिसरी तार दुबळी होती. तिच्यावर बारीक तारेचा वेढा असायचा, आवाज उमटायचा नाही. म्हणून तिचा चुंबक वर काढला. दुसरी मोकळ्या गळ्याची, म्हणून तिचा खाली नेला.”

“आणि आता?”

“आता तिसरीचा वेढा गेला. ती आपली आपण खणखणीत वाजते. पण नव्या पिकअपातही चुंबक जुन्याच मापानं उभा आहे.”

मास्तरांनी कपाटातून दुसरा पिकअप काढला. त्याचे सहाही चुंबक एका पातळीत होते.

रोझलीननं तो हातात घेऊन पाहिला. “हा तर कमी ताकदीचा आहे.”

“हो.”

त्यांनी तारा सैल केल्या, तिचा पिकअप सोडवला, कपाटातल्या पिकअपच्या वायरींना कथलाचा डाग द्यायला घेतला. रोझलीन गिटार धरून बसली होती.

“मास्तर... मी वृंदात आले तेव्हा माझा आवाज कसा होता?”

“होता कुठे? नुसते ओठ हलायचे.” मास्तर हसले. “म्हणून तुला मी माईकजवळ उभं केलं.”

“आणि जोवीला?”

“तिला मागच्या रांगेत. एवढीशी होती, पण आवाज असा की चर्चचं छप्पर भरायचं. तिला म्हटलं, पोरी, थोडं हळू गा. तुझी बहीण बावरते.”

“ती काय म्हणाली?”

“काही नाही. हळू गायली...”

डागाचा धूर विरेपर्यंत ते थांबले.

“...अजून गाते.”

रोझलीन खाली बघत राहिली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी स्क्रू घट्ट केले, तारा ताणल्या, एकेक सुरात आणली आणि गिटार तिच्याकडे दिली.

तिनं तारा छेडल्या. आवाज आधीपेक्षा हळू होता. पण सहाही तारा आपापल्या जागी उभ्या होत्या, आणि दुसरी त्यांच्यात स्वच्छ, मोकळी वाजत होती.

ती पुन्हा पुन्हा तीच तार छेडत राहिली.

“दुसरीला काय केलंत, मास्तर?”

“तिला हात नाही लावला.”

मग रोझलीननं फोन काढला आणि जोवीला लावला. घंटा वाजत राहिली. ती आता बंद होणार, तेवढ्यात पलीकडून बारीकसा आवाज आला.

“हं...”

जोवी नुसती ऐकत होती.

फोनवर तळवा ठेवून रोझलीन मास्तरांकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते.

“काय सांगू तिला?”

मास्तरांनी तिचा तळवा हळूच फोनवरून बाजूला केला.

“काही सांगू नको. सूर दे... आणि तिच्यासाठी थांब.”