ढ च्या पुढचं अक्षर

शाळेला सुट्टी कधी द्यावी हे ठरेपर्यंत शाळेला सुट्टी! असा ठराव धारवलीच्या तीन गुरुजींनी चैत्रात एकमताने केला. त्यानंतर त्यांचं कशावरही एकमत झालं नाही.

नीलकंठशास्त्र्यांना सुट्टी हवी होती वैशाखात, कारण त्यांची आमराई. नदीपलीकडे राहणाऱ्या विसोपंतांना हवी होती पावसाळ्यात, कारण होडीची भीती. मोरभटांना हवी होती दिवाळीत, कारण सासुरवाडी. स्वतःच्या पोरांना मिसरूड फुटलं तरी त्यांचा दिवाळसण काही संपला नव्हता. मुलांना काय हवं, हे विचारायला एवढ्या विद्वानांना वेळ कुठला?

चर्चा दरबारात चाले आणि तिघांपुढे थंड पाण्याचा एकेक माठ ठेवी येसू कुंभारीण. घरी तिची चिमी कच्च्या मडक्यांमधून लंगडी घालत फिरे. मडकी फुटल्याचं येसूला काही वाटत नव्हतं. सात पिढ्यांत पहिल्यांदा घरात पाटी आली आणि ती कोरडीच पडून राहिली, याने मात्र तिचा जीव तुटत होता.

मार्गशीर्ष उजाडला तसा राजा मार्तंडराव वैतागला. "या वर्षी तिघांनाही मागितलेली सुट्टी पुरी मिळाली पाहिजे आणि आजपासून शाळा एक दिवसही बंद राहता कामा नये. दिवस मावळेपर्यंत तोड काढा, नाहीतर उद्या शाळेत हत्ती बांधतो!"

तिन्ही विद्वान घाईघाईने पंचांग चाळू लागले. येसूने डोक्यावरचा माठ खाली ठेवला.

"म्हाराज, त्यांची सुट्टी कवाच झाली की. वैशाखभर शास्त्रीबुवांचा माठ भरल्याला परत यायचा. पावसाळ्यात पंतांचा. दिवाळीत भटजींचा."

"ती सुट्टी नव्हे, बाई!" शास्त्री कडाडले. "आम्ही आपापल्या जागी चिंतन करत होतो!"

"बरं, काम तर काम. मग येवढं काम करून ठरलं काय, त्ये म्हाराजांना सांगा."

मग तिघांनी मिळून कबूल केलं, की ती सुट्टीच होती.

"आणि पुढच्या वर्षीची चर्चा?" राजाने विचारलं.

"ती त्यांनी आपापल्या सुट्टीत करावी, म्हाराज."

राजाला हसू येऊ लागलं होतं, पण त्याने ते आवरलं. "तुझी पोर शिकलीय तरी किती?"

"ट, ठ, ड, ढ. तितंच शाळा मिटली. आठ म्हैनं झालं, पोर माजी ढ."

दरबार खो खो हसला.

"हसू नगासा," येसू म्हणाली. "राजकुमार तिच्याच शेजारी बसत्यात."

दरबार चिडीचूप झाला आणि राजा मात्र पोट धरून हसत सुटला. गळ्यातला कंठा काढून त्याने तिच्यापुढे धरला. "आणखी काय हवं?"

"पुढचं अक्षर," येसू म्हणाली. "आजच."

दुपारी शाळेसमोरून जाणाऱ्यांना तीन विद्वानांचा एकसुरी आवाज ऐकू आला, "ण बाणाचा!" आणि त्यांच्यामागून सगळ्यात मोठ्याने ओरडत होता तो राजपुत्र.